वरच्या मजल्यावरची तक्रार

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाला सांगितलेली नाही. आणि गोष्टी सांगणं हाच माझा धंदा आहे — म्हणजे बघा! कावळ्याच्या, राजाच्या, कंपनीच्या बसमध्ये चढलेल्या बोकडाच्या गोष्टी मी दोन-दोन तास सांगते, घसा बसत नाही. ही एक गोष्ट ओठांशी आली की मात्र मी उठते, पाणी पिते, गॅस बंद असतानाही गॅस बंद आहे का ते बघून येते. हे लिहायला बसल्यापासून तीनदा उठून झालंय. एकदा तर बाल्कनीतले वाळलेले कपडे पुन्हा झटकून वाळत घातले.

नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही. आईला सांगेन सांगेन म्हणत होते, ती गेली. ज्यांना सांगायला हवं, त्यांना तर नाहीच नाही.

गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपं घरी आलं होतं. बाहुल्यांचे खेळ करतात, दोघंही गुणी. त्यांना विचारायचं होतं की वाचनालयांमध्ये कार्यक्रम मिळवायचे कसे. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. पहिल्याच भेटीत काम मागू नका. आधी वर्गणी भरून सभासद व्हा, महिनाभर पुस्तकं न्या-आणा, तुमचं तोंड काउंटरवर ओळखीचं होऊ द्या. ग्रंथपालांच्या आधी शिपायाशी ओळख करा, कारण खुर्च्या तो हलवतो आणि चावी त्याच्याकडे असते. स्पीकर नेऊ नका, वाचनालयात स्पीकर बघितला की माणसं बिथरतात. जी गोष्ट कराल ती त्याच वाचनालयाच्या कपाटातल्या पुस्तकातली करा. आणि शेवट सांगू नका! पुस्तक वर धरून म्हणायचं, पुढचं यात आहे. त्या दिवशी किती पुस्तकं घरी गेली हे रजिस्टरमध्ये दिसतं, आणि पुढचं बोलावणं त्या रजिस्टरवर ठरतं. टाळ्यांवर नाही.

ती मुलगी भराभर वहीत उतरवून घेत होती. निघताना तिनं विचारलं, "ताई, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "दामूकाकांनी. त्यांनीच मला त्यांच्या जागी उभं केलं."

खोटं होतं का हे? नाही. अक्षर न् अक्षर खरं आहे. कुणालाही विचारा, हेच सांगतील — स्वतः दामूकाकासुद्धा. तरी त्या दोघांच्या मागे दार लावलं आणि मी गॅस बंद आहे का ते बघून आले.

तर, दामूकाका. सख्खे काका नव्हेत. पिंपरीत आमच्या चाळीच्या मागच्या ओळीत राहायचे, वडिलांच्या ओळखीचे. मूळचे मावळातले. तीस-बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये काढलेली. ज्यांनी प्रेसशॉप पाहिलेलं नाही त्यांना सांगते — तिथं मशीन पत्र्यावर आपटतं, दिवसभर, हजारदा. माणसं एकमेकांशी ओरडून बोलतात, नाहीतर हातवारे करतात. रिटायर होईपर्यंत कान निम्मे गेलेले असतात. आमच्याकडे अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. बँकेत, दवाखान्यात, मयतीला सुद्धा मोठ्यानं बोलतात आणि त्यांच्या बायका त्यांना कोपरानं ढोसतात. काकांकडे कानाचं मशीन होतं, पण ते शिटी मारतं म्हणून कायम खिशात.

रिटायर झाल्यावर ते बुद्धविहारातल्या वाचन खोलीत जाऊन बसायला लागले. पेपर वाचून झाला की तिथल्या मुलांना गोष्टी सांगायचे. त्या इतक्या रंगायला लागल्या की पोरं खिडकीच्या गजांना लटकून ऐकायची. हे कुणाकडून तरी शहराच्या मोठ्या वाचनालयातल्या साळवी मॅडमच्या कानावर गेलं. त्या तिथल्या ग्रंथपाल. त्यांनी बोलावलं आणि दर शनिवारी बालविभागात काकांची गोष्ट सुरू झाली. हातात एक डफ, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि तो आवाज! काय सांगू तुम्हाला त्या आवाजाबद्दल? वाघ म्हटला की वाघ यायचा. म्हातारी म्हटली की म्हातारी यायची. आणि सगळं मोठ्यानं, कारण त्यांना हळू माहीतच नव्हतं.

मी तेव्हा चाकणला गाड्यांच्या वायरी बांधायच्या कंपनीत कंत्राटावर होते. कंत्राट संपलं, घरी बसले. लेकीला घेऊन वाचनालयात जायला लागले. एकदा काकांची गोष्ट ऐकता ऐकता मी लेकीच्या कानात मांजरीचा आवाज काढला, आजूबाजूची चार पोरं वळून बघायला लागली. काकांनी गोष्ट थांबवली नाही, पण संपल्यावर मला हाक मारली. "नंदे, हे जे तू करतीस ना, ह्ये काम हाय. येतीस का माज्यासंगं?"

दोन वर्षं त्यांच्यासोबत फिरले. वर त्या जोडप्याला जे जे सांगितलं, ते सगळं त्यांचं. एक राहिलं, ते मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. बहुतेक वाचनालयांत खाली बालविभाग असतो आणि वर अभ्यासिका, स्पर्धा परीक्षांची मुलं तिथं सकाळपासून बसलेली असतात. काका म्हणायचे, "वरच्या पोरांशी कदी भांडायचं न्हाई. त्यांची वही लई वजनदार असती." म्हणजे तक्रार वही. जिन्याच्या वरच्या टोकाला एका स्टुलावर ठेवलेली असायची, दोऱ्यानं पेन बांधलेलं. तिच्यात लिहिलेली प्रत्येक ओळ महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवावी लागायची आणि त्यावर काय केलं ते खाली लिहावं लागायचं. पंख्याची तक्रार असो की पाण्याची, सुटका नाही.

तुम्हाला पुढचं कळलंच असेल. पण थांबा — तुम्हाला वाटतंय तेवढंच नाहीये.

हेवा. हा शब्द एकदाचा लिहूनच टाकते. मी गोष्ट सांगायला बसले की मुलं बसायची. काका आले की मुलं धावायची. माझी गोष्ट नीट बेतलेली असायची, आवाज वेगवेगळे, हातवारे आरशासमोर बसवलेले. काका गोष्ट मध्येच विसरायचे, राजाचं नाव तीनदा बदलायचे, आणि पोरं हसून लोळायची. दोन वर्षं मी त्यांचा डफ धरला, चटया अंथरल्या, पुस्तकं काढून दिली. माया होती का त्यांच्यावर? होती, खूप होती. मग हे दोन्ही एकाच छातीत कसं राहतं? राहतं. मी राहताना पाहिलंय.

त्या वर्षी मार्चमध्ये साळवी मॅडमनी मला काउंटरवर थांबवलं. मेच्या सुट्टीत सहा वाचनालयं मिळून शनिवारचे कार्यक्रम करणार होती, पिंपरीपासून निगडीपर्यंत. कलाकार एकच ठेवायचा, म्हणजे मुलांना चेहरा ओळखीचा होतो आणि ती मागे मागे येतात. असं एखादं काम मिळालं की पुढची दहा वर्षं फोन येत राहतात, ग्रंथपाल एकमेकांना नावं सांगत असतात. मी ऐकत होते आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग त्या म्हणाल्या, "दामूकाकांनाच देऊ या, नाही का? तुम्ही असालच त्यांच्या मदतीला."

मदतीला.

मी हसले. "हो तर," म्हटलं. आणि पाणी प्यायला म्हणून जिना चढले, कारण थंड पाण्याचं यंत्र वरच्या मजल्यावर होतं. खरंच पाण्यासाठीच चढले होते. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाच कळत नाही खरं काय. पाणी प्यायले. वही तिथंच होती. अभ्यासिकेचं दार लोटलेलं, जिन्यात कुणी नाही.

मी अक्षर बदलून लिहिलं. उभं, घाईचं, मुलाचं वाटेल असं. काय लिहिलं ते मला आजही पाठ आहे: "खालच्या मजल्यावर शनिवारी गोष्ट सांगणारे गृहस्थ अक्षरशः ओरडतात. परीक्षा तोंडावर आली आहे. आम्हा गरीब विद्यार्थ्यांना अभ्यासाला दुसरी जागा नाही. कृपया दखल घ्यावी." खाली — एक विद्यार्थी. ते "गरीब" बघितलंत? गोष्ट रंगवायची सवय हो, जाते कुठे.

पेन दोऱ्याला परत लटकवलं आणि खाली येऊन लेकीला पुस्तक निवडून दिलं.

आता इथं माणूस काहीतरी सबब सांगतो. पोटासाठी केलं म्हणावं, तर नवऱ्याला कायमची नोकरी होती, पगार वेळेवर येत होता, घरात काही अडलेलं नव्हतं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं म्हणावं, तर मग काय व्हावं म्हणून लिहिलं होतं? मी त्यांच्या आवाजाला हात घातला. दुसरं काही लिहिता आलं असतं — वेळ चुकते, गर्दी होते, चपला जिन्यात पडतात. मी नेमकं तेच लिहिलं जे त्या माणसाला स्वतःचं स्वतः तपासताच येणार नव्हतं. मला माहीत होतं कुठं लागेल. त्यांच्या कानाचं मशीन कुठल्या खिशात असतं हेसुद्धा माहीत होतं.

बैठक झाली. साळवी मॅडमनी काकांना अगदी अदबीनं सांगितलं, हे बघा, मनाला लावून घेऊ नका, पण वहीत आलंय तेव्हा मला सांगावंच लागतं. मला वाटलं होतं काका चिडतील. भांडतील, "कोन बोलला?" म्हणतील. आमच्याकडची जुनी कामगार माणसं, युनियनमध्ये मुरलेली — भांडणाला कमी नाहीत. भांडले असते तर किती बरं झालं असतं! मॅडमना वाईट वाटलं असतं, काकांची बाजू खरी ठरली असती, मी मनातल्या मनात तडफडले असते, संपलं असतं.

ते बाहेर आले. मी चपलांच्या रॅकजवळ उभी होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि त्यांना वाटत होतं तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे सगळ्या बालविभागाला ऐकू जाईल असं, विचारलं, "नंदे, खरं सांग. म्या वरडतो का गं?"

मी रॅकमधल्या चपला सरळ करायला लागले.

"मला माजा आवाज कळत न्हाई, पोरी. तुला कळतो. म्हनून तुला इचारतो."

बघा ना, काय होतं त्या क्षणी माझ्या हातात. एक "नाही" म्हणायचं होतं. "नाही काका, कुणीतरी खोडसाळपणा केलाय." एवढ्यानं सगळं मिटलं असतं, माझं लिहिणंसुद्धा वाया गेलं असतं, आणि मी आज शांत झोपले असते.

मी म्हटलं, "थोडंसं, काका." ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं.

त्यांनी मान हलवली. शर्टाची बाही उगाच सरळ केली. मला अजून ते दिसतं, इस्त्रीची घडी अंगठ्यानं दाबत होते. मग म्हणाले, "चल मग. माफी मागाय पायजे."

मला वर जायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणू? त्यांना जिना चढताना कठड्याबरोबर माझा हात लागायचा. वर गेलो. अभ्यासिकेत तीसेक मुलं-मुली असतील. खिडकीत डब्यांची रांग, भिंतीवर नकाशे, कुणाच्या कानात बोळे. काका टेबलांच्या मधल्या वाटेत जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. त्या माणसानं आयुष्यात साहेबापुढे हात जोडलेले नव्हते, वडील सांगायचे.

"पोरांनो, माफ करा. जयभीम. मला कमी ऐकू येतं, त्यामुळं माजा आवाज मलाच उमगत न्हाई. तुमच्या अभ्यासात माज्यामुळं खोळंबा झाला. पुन्यांदा न्हाई हुनार."

सगळी मुलं चकित. एकमेकांकडे बघायला लागली. आणि मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिकडची होती, लातूर-बीडकडची असावी बोलण्यावरून, अंगावर निळी ओढणी. ती बोलली, पण अगदी दबक्या आवाजात, कारण ती अभ्यासिका होती आणि तिथं सगळे दबक्या आवाजातच बोलतात.

ती म्हणाली, "काका, आमच्यातल्या कुणी नाही लिव्हलं ते. शनिवारी तुमचा आवाज वर आला की आम्ही पेन खाली ठेवतो बगा. तेवढंच घरला जाऊन आल्यावानी वाटतंय."

बाजूच्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. एक मुलगा हसला, चांगलं, मायेचं हसला.

काकांना काहीही ऐकू आलं नाही. त्यांना तिचे ओठ हलताना दिसले आणि त्या माना हलताना दिसल्या. ते माझ्याकडे वळले आणि हातानंच विचारलं, काय म्हणते?

मी खूण केली — बाहेर चला, सांगते. त्यांच्या कोपराला धरून दाराकडे नेलं. टेबलांच्या मधून दारापर्यंत आठ-दहा पावलं असतील. तेवढ्यात माणूस पुष्कळ विचार करू शकतो. मी केला. आत्ता सांगितलं तर ते खाली जाऊन मॅडमना सांगतील, मॅडम वर येऊन विचारतील, मुलं सांगतील आम्ही लिहिलंच नाही. मग अक्षर बघतील. मग सहा वाचनालयांचे शनिवार कुणाचे? सगळं नीट, ओळीनं सुचलं मला. एखादी गोष्ट बेतावी तसं.

जिन्यात आल्यावर मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "ती म्हणाली, ठीक आहे काका, झालं ते झालं. पण इथून पुढे सांभाळा."

हे. हे सांगायचं होतं मला. वहीतलं लिहिणं क्षणाचं पाप होतं, "थोडंसं" हा भित्रेपणा होता. पण त्या मुलीनं काकांना दिलेलं मी मध्येच घेतलं आणि त्याच्या जागी दुसरं काही त्यांच्या हातावर ठेवलं. ते माझ्याशिवाय कुणाकडूनही त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं. म्हणून तर ते माझ्याकडे वळले होते.

काका म्हणाले, "गुनाची पोरगी." आणि जिना उतरायला लागले.

पुढचे दोन शनिवार त्यांनी हळू आवाजात गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. डफ आणलाच नाही. हळू बोलायचं म्हणजे किती हळू, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता, म्हणून ते जवळजवळ पुटपुटायचे. वाघ आला तो कुणाला कळलाच नाही. मागची मुलं ओरडायची, "काका, ऐकू येत नाही!" आणि तेही त्यांना ऐकू यायचं नाही. एकेक मूल उठून कपाटांकडे जायला लागलं. काका मधूनमधून माझ्याकडे बघायचे आणि बोटानं विचारायचे, बरोबर? आवाज बरोबर?

मी मान हलवायचे. बरोबर.

तिसऱ्या शनिवारी ते आलेच नाहीत. आदल्या दिवशी साळवी मॅडमना भेटून सांगून गेले होते — आता नंदाला घ्या, तिचा आवाज बेताचा आहे, पोरांना तरास न्हाई. एवढ्यावर थांबले नाहीत. उरलेल्या पाच वाचनालयांत बसनं स्वतः गेले, प्रत्येक ग्रंथपालाला भेटले आणि माझं नाव सांगितलं. तोंडानं सांगितलेलं नीट पोचलं नाही तर म्हणून चिठ्ठी लिहून नेली होती. तर असं त्यांनी मला त्यांच्या जागी उभं केलं. खोटं नाही बोलले मी त्या जोडप्याशी.

मेचे शनिवार माझे झाले. मग पुढच्या वर्षीचे. मग चिखली, मोशी, चाकण, सोसायट्यांमधली छोटी वाचनालयं, लॉकडाऊननंतर तर मुलांना मोबाइलपासून सोडवा म्हणून बोलावणी वाढलीच. त्या निळ्या ओढणीच्या मुलीनं एकदा मला जिन्यात गाठलं होतं. विचारत होती, काका का येईनात? मी म्हटलं, तब्येत. ती म्हणाली, सांगा त्यांना, आठवण काढतो आम्ही. मी सांगते म्हटलं. पुढे ती पास झाली की गावी परतली, मला माहीत नाही. त्या अभ्यासिकेत आता वेगळी मुलं बसतात.

कधी कधी वाटतं, त्या माणसाचं असं काय गेलं? पेन्शन होती, लेक चांगली होती, पोटापाण्याला ते काम लागत नव्हतं. असं वाटायला लागलं की मला समजतं, मी पुन्हा सबबी शोधायला लागले. एका माणसाला आयुष्यभर मशीनपाशी उभं राहून उतारवयात कळलं होतं की आपल्याला काहीतरी येतं, आणि लोक ते ऐकायला धावत येतात. ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. त्याच्याच तोंडून माफी मागवून काढून घेतलं.

ते आता निगडीत लेकीकडे असतात, प्राधिकरणात. मी दोन-तीन महिन्यांनी जाते. फळं नेते. संगीता, त्यांची लेक, मला बघून खूश होते, म्हणते, "नंदाताई, तुमच्याशी तरी दोन शब्द बोलतात ते. आम्हाला तर काय बोलतात तेच कळत नाही." कारण काका आता हळू बोलतात. घरातसुद्धा. एवढं हळू की जेवताना मीठ मागितलं तर तिला दोनदा विचारावं लागतं. मागच्या खेपेला ती माझ्यासमोर वैतागलीच, "अहो बाबा, जरा मोठ्यानं बोला की! कुणी काही म्हणतंय का तुम्हाला?"

काकांनी तिच्या ओठांकडे बघून ते ओळखलं. भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "अगं, पलीकडं पोरं अभ्यास करत असतील."

पलीकडचा फ्लॅट दोन वर्षांपासून बंद आहे. संगीता माझ्याकडे बघून हसली, म्हातारपण हो, दुसरं काय. मीही हसले.

ती चहा टाकायला आत गेली तेव्हा काकांनी मला जवळ बोलावलं. एक नवीन गोष्ट त्यांनी स्वतःच रचली होती, चाकणच्या बाजारातून पळालेल्या कांद्याच्या पोत्याची. मला ती त्यांच्या तोंडाशी कान नेऊन ऐकावी लागली. मध्ये मध्ये ते पोत्याचं नाव विसरत होते. फार सुंदर गोष्ट आहे. संपल्यावर म्हणाले, "तू सांग ही, नंदे. तुजा आवाज बेताचा हाय."

तेव्हाही आम्ही दोघंच होतो खोलीत. संगीता आत, टीव्ही बंद, माझं तोंड त्यांच्या कानापासून वीतभर. मी म्हटलं, "सांगते काका."

पुढच्या शनिवारी चिखलीच्या वाचनालयात ती गोष्ट सांगितली. मोठ्यानं सांगितली, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. कुणी काही म्हणालं नाही.